साप आणि आपली पोरे



परळ म्हटले की आपल्याला गिरण्या आठवतात. आपला कापूस तिथे गेला, कापड होऊन चौपट भावाने आपल्याकडेच परत आला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे एकेक करून भोंगे बंद पडले. पण त्या परळशी आपले आणखी एक नाते आहे. ते सापाचे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. पुढे तिथे सर्पदंशावरची लसही होऊ लागली. सापाचे विष काढायचे, थोडे थोडे घोड्याला टोचायचे, घोड्याच्या रक्तात जो उतारा तयार होतो त्यापासून औषध करायचे. म्हणजे सापाच्या विषावरचे औषध सापावाचून होत नाही. मुंबईच्या शाळांतली पोरे सहलीला जाऊन हे पाहून आली. ज्यांच्या पायाखाली साप येत नाही त्यांना हे कळते. ज्यांच्या पायाखाली रोज येतो त्यांना कोण सांगणार?

हा हौसेचा विषय नाही. २००० ते २०१९ या २० वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतली चौथाईहून अधिक १५ वर्षांखालची पोरे. बहुतेक मरण खेड्यात आणि घरीच आलेले, म्हणजे दवाखान्यापर्यंत न पोचता.

कोणी म्हणेल, आमची पोरे वावरातच वाढली, त्यांना निसर्ग काय शिकवता? 'निसर्गावर प्रेम करा' हा शहरी उपदेश आम्हालाही रुचत नाही. पण आपण पोरांना सांगतो काय? धामण म्हशीच्या पायाला वेटोळे घालून दूध पिते. नाग डूख धरतो. दोन्ही खोटे. धामण बिनविषारी आहे, तिचे मुख्य खाणे उंदीर. कणगीतली ज्वारी फस्त करणाऱ्या उंदरावर बिनपगारी राखणदार ठेवलेला, त्याला आपण काठीने ठेचतो आणि उंदराचे औषध दुकानातून उधार आणतो. असला हिशेब दुसरा कोणता धंदा करील?

गोष्टी आपल्याकडे आहेतच. नांगराच्या फाळाने नागाची पिल्ले मेली, ही नागपंचमीची कहाणी घराघरात सांगतात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही एवढेच आपण लक्षात ठेवले. आजीने कहाणी सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी बापाने पोराला वावरात न्यावे. बांधावरचे वारूळ लांबून दाखवावे, उंदरांची बिळे मोजायला लावावीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी आणि धामण, दिवड हे बिनविषारी, त्यांची चित्रे शाळेच्या भिंतीवर पोरांकडूनच काढून घ्यावीत. मात्र कोणत्याही सापाला हात लावायचा नाही, ओळख पटली तरी नाही.

कामेही पोरांच्या हातची आहेत. पऱ्हाट्यांचा ढीग आणि कडब्याची गंजी घरापासून लांब रचणे. रात्री बॅटरी आणि काठीशिवाय बाहेर न पडणे. पावसाळ्यात जमिनीवर न निजता खाटेवर, मच्छरदाणी खोचून निजणे, कारण मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि कधी कधी चावल्याचे कळतही नाही. आणि कोणाला चावलाच, तर कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. हातपाय न हलवू देता थेट दवाखाना. मांत्रिकाच्या दारात गेलेला तास परत मिळत नाही.

पोर शिकले आणि दवाखान्यात लस नसली, तर शिकून उपयोग काय? लहान पोरालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण साप पोर पाहून विष कमी सोडत नाही. म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी विचारून याव्यात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीच्या किती बाटल्या आहेत? आणि रात्री ती देणारा डॉक्टर असतो का? उत्तरे कागदावर आणा. मागणी त्यावरच करू.

धामण वाचली तर दाणे वाचतील. लस मिळाली तर पोर वाचेल. पहिले काम आपले, दुसरे सरकारकडून करून घ्यायचे आहे.