इंजिन उतरवण्याआधी नोझल तपासा

शेतकरी मंडळी, जुनी डिझेल गाडी धूर ओकू लागली आणि सकाळी पाच-पाच वेळा स्टार्टर मारूनही चालू होईना, की गॅरेजच्या दारात एक सल्ला हमखास मिळतो. "दादा, डिझेलचं आता काही खरं नाही. काढा हे इंजिन अन् भंगारातलं एखादं पेट्रोल इंजिन टाका. आवाज नाही, धूर नाही, बोट लावलं की गाडी चालू!" ऐकायला गोड वाटतं. जीप असो, सुमो असो की बोलेरो, घरची गाडी म्हणजे घरातला एक माणूसच. तिच्यावर माळवं बाजाराला जातं, दवाखान्याची रात्र तिच्यावरच निघते. म्हणून माणूस उसनवारी करून का होईना, पैसे काढायला तयार होतो.

थांबा. दहापैकी पुष्कळ वेळा हा प्रकार म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. दुखणं असतं नोझलचं आणि बदललं जातं इंजिन. आमचं म्हणणं सरळ आहे. आहे त्या डिझेल इंजिनाची नीट दुरुस्ती करा. ते खरंच संपलं असेल तर त्याच बनावटीचं इंजिन कायदेशीर मार्गाने बसवा, नाहीतर गाडी विका. पण डिझेलच्या गाडीत पेट्रोल इंजिन कोंबू नका. त्यात पैसा जातो, गाडीचं वजन पेलत नाही आणि कागद बिघडतात ते वेगळंच.

उलटी गंगा

जुन्या लोकांना आठवत असेल, १९८० आणि १९९० च्या दशकात गंगा उलट दिशेने वाहत होती. तेव्हा पेट्रोलच्या जीप आणि अँबॅसडर घेऊन लोक गॅरेजात जायचे आणि डिझेल इंजिन बसवून आणायचे. कारण उघड होतं. डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास होता. सरकार डिझेल स्वस्त ठेवत होतं आणि रोज भाडं मारणाऱ्याला तो खर्च वर्षा-दोन वर्षांत भरून निघत होता.

पुढे दिवस पालटले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही सुटले. दोन्ही भावांतली दरी कमी झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा नियम आले. त्या नियमाची छोटी डिझेल गाडी बनवणं महाग पडू लागलं आणि काही कंपन्यांनी डिझेल मोटारी बनवणंच सोडलं. यावरून "डिझेल संपलं" अशी हाकाटी झाली. पण नवी डिझेल गाडी घ्यावी की नाही हा एक प्रश्न आणि दारात उभ्या असलेल्या जुन्या डिझेल गाडीचं काय करावं हा अगदी वेगळा प्रश्न. या दोहोंची गल्लत झाली की खिशाला चाट बसते.

दुसरी भीती दिल्लीहून आलेली. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या चालवायच्या नाहीत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २०२५ मध्ये त्यावर पुन्हा सुनावणीही झाली. पण हे सगळं दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी प्रदेशापुरतं आहे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून, फी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. डिझेल आहे म्हणून दहाव्या वर्षी गाडी मोडीत काढा, असा नियम महाराष्ट्रात नाही.

वहीवर हिशेब मांडा

आता व्यवहाराचं बोलू. समजा, तुमची गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते. डिझेलवर ती लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे वर्षाला साधारण ६६७ लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर खर्च ६० हजारांच्या घरात. त्याच जड गाडीत पेट्रोल इंजिन बसवलं आणि तिने लिटरला ९ किलोमीटर दिले, तर ८८९ लिटर लागतील. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर खर्च ९२ हजारांच्या पुढे. वर्षाला ३२ हजारांचा खड्डा! आकडे तुमच्या पंपाचे आणि तुमच्या गाडीचे घाला, पण हिशेब कराच. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाच जास्त असते. शिवाय डिझेल इंजिन हवा जास्त दाबून जाळतं, म्हणून ते कमी इंधनात जास्त काम करतं. हे गणित कुठलाही मिस्त्री बदलू शकत नाही.

त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्याचा आनंद आहेच. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रण सोसेल अशा रबरी नळ्या आणि सील असलेल्या गाड्या आपल्याकडे सरसकट एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. भंगारात मिळणारं इंजिन त्याआधीचं असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे स्वस्तात आणलेल्या इंजिनाच्या नळ्या आणि सील बदलण्यापासून तुमची सुरुवात होणार.

नुसतं इंजिन बदलून भागत नाही

मिस्त्री इंजिनाची किंमत सांगतो, बाकीची यादी मागाहून निघते. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, मग मधे पट्टी तयार करा. माउंटिंग जुळत नाहीत, चेसिसवर वेल्डिंग करा. क्लच, रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर, सगळं नवं. टाकी धुवा, पेट्रोलचा पंप बसवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

एवढं करूनही चढाला रडगाणं सुरू होतं. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं आणि गाडीच्या मागच्या एक्सलमधले दातेही त्याच हिशेबाने बसवलेले असतात. पेट्रोल इंजिनाला जोर यायला फेऱ्या जास्त लागतात. पाठीमागे दहा पोती आणि पुढे घाट असला की गाडी दुसऱ्या गिअरमधून वर येत नाही.

दोन गोष्टी तर जिवाशी येणाऱ्या आहेत. पहिली ब्रेकची. ब्रेक हलका लागावा म्हणून लागणारा व्हॅक्यूम बहुतेक डिझेल गाड्यांत वेगळ्या पंपातून येतो, पेट्रोल गाडीत तो इंजिनाच्या हवेच्या नळीतून घेतात. ही जोडणी चुकली की ऐन उतारावर ब्रेकचं पायदान दगडासारखं घट्ट होतं. दुसरी गोष्ट आगीची. डिझेल सहजासहजी पेटत नाही, पण पेट्रोलची वाफ शून्याखालच्या थंडीतही पेट घेते. डिझेलची जुनी पाइपलाइन, ढिली क्लिप आणि उघडी वायर यांच्याशेजारी पेट्रोल खेळवणं म्हणजे गवताच्या गंजीत चूल पेटवणं.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातला तपशील जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. इंधन बदलायला कायद्याने वाट ठेवली आहे, पण ती सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसारख्या मान्यताप्राप्त रूपांतर संचाची आणि तीही अटींसह. दुसऱ्या गाडीतून उपसून आणलेलं पेट्रोल इंजिन हा काही असा संच नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. बुकात डिझेल, बॉनेटखाली पेट्रोल आणि इंजिन नंबर भलताच. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. समोरच्याची भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येऊन बसली तर कोणता मिस्त्री सोडवायला येणार आहे? भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांच्या फेऱ्या वेगळ्याच. त्याच बनावटीचं डिझेल इंजिन बदलायचं असेल तर मार्ग आहे. पण पावती घ्या, आरटीओला कळवा आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या.

धूर बोलतो, तो ऐका

मग करायचं काय? ट्रॅक्टरचं नोझल आपण हंगामाआधी काढतो, मोटारपंपाची आठवण ठेवतो. मग गाडीनेच काय घोडं मारलंय? डिझेल इंजिन आपलं दुखणं धुरातून सांगतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर आणि नोझल बघा. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. हीटर प्लग, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघा. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचं पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केट बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह सील गेलं.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करा. आधी एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदला आणि फिल्टरखालचं पाणी सोडा. कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी हमखास असतं. मग बॅटरी आणि हीटर प्लग. मग टॅपेट. त्यानंतर नोझल काढून टेस्टरवर लावायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. फवारा धुक्यासारखा उडाला पाहिजे, धार पडली तर नोझल गेलं. मग पंपाचं कॅलिब्रेशन आणि टायमिंग. सर्वात शेवटी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. आकडे चांगले असतील तर इंजिन उतरवायचं कारणच उरत नाही. एखादाच आकडा पडला असेल तर काम हेडपुरतं निघू शकतं. चारही पडले असतील तर पूर्ण इंजिनकामाचा अंदाज घ्या आणि तो गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहा. नवीन कॉमन रेल गाड्यांचं काम मात्र पान्याने होत नाही. तिथे स्कॅनर असलेलं गॅरेजच गाठा.

ट्यूनिंगच्या नावाखालीही फसवणूक होते. काही जण पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवतात. दोन दिवस गाडी पळते. मग धूर वाढतो, इंजिन तापतं, पिस्टन धोक्यात येतो आणि पीयूसी मिळत नाही. डिझेलात रॉकेल मिसळणारे तर स्वतःच्या हाताने पंप मारतात, कारण पंपाचं वंगण डिझेल हेच आहे. आपल्याला हवं ते ट्यूनिंग म्हणजे गाडी कंपनीच्या मापावर परत आणणं, त्याच्या पुढे पळवणं नव्हे.

कुणी म्हणेल, माझी गाडी महिन्यातून दोनदाच निघते, मला डिझेल कशाला? अगदी रास्त. मग डिझेल गाडी विकून कागद स्वच्छ असलेली छोटी पेट्रोल गाडी घ्या. इंजिन आणि गाडी एकमेकांसाठी बनलेली असली की संसार टिकतो.

सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव यांनाही एक विनंती. जुन्या पंचायत गाडीच्या इंजिनावर ठराव करण्याआधी आरसीवरची तारीख वाचा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची नोंदणी राहत नाही. अशा गाडीवर केलेला खर्च लेखापरीक्षणात अंगाशी येईल. त्यापेक्षा दुसरं एक काम करा. ज्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग आहे, तिथल्या प्राचार्यांना पत्र द्या आणि पेरणीआधी गावात एक दिवस इंजिन तपासणी ठेवा. ट्रॅक्टर, पंप, जीप सगळ्यांचे नोझल एका रांगेत तपासून होतील. पोरांना हात बसेल, गावाचं डिझेल वाचेल.

आणि शेतकरी मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की इंजिनच बदला, तर त्याला एवढंच विचारा, "कॉम्प्रेशन किती आलं, तो कागद दाखव." कागद नसेल तर गाडीची चावी आपल्या खिशातच राहू द्या.