राणीची बाग आणि पायीं चालणारा

सुटीच्या दिवशीं राणीच्या बागेंत लोटणारी गर्दी पाहून कांहीं सभ्य गृहस्थ असें सुचवूं लागले आहेत कीं, तिकीट आणखी वाढवावें, म्हणजे गर्दी ओसरेल व मुलाबाळांस निर्धास्तपणें फिरतां येईल. ही सूचना आम्हांस मुळींच मान्य नाहीं. २०१७ सालीं मोठ्या माणसाचें ५ रुपयांचें तिकीट ५० रुपये झालें. तरी रविवारची गर्दी हटली नाहीं. आणि हटली असती तर ती कोणाची? चाळीच्या गॅलरीपलीकडे ज्यांस अंगण नाहीं, त्या लालबाग-परळच्या कुटुंबांचीच. १८६२ सालीं उघडलेली व आज सुमारें ५३ एकरांवर पसरलेली ही बाग लोकांची आहे. गर्दी करणें हा गुन्हा नव्हे. गर्दीस वाट न देणें हा मात्र आमच्या मतें गुन्ह्याच्या जवळ जाणारा हलगर्जीपणा होय.

बागेंतील वाघाचें भय कोणी बाळगूं नये. भय आहे तें दाराबाहेर. २०११ सालीं खुला झालेला लालबागचा उड्डाणपूल बागेजवळच जमिनीस टेकतो, आणि त्यावरून उतरणारी मोटार पुलावरचाच वेग घेऊन येते. एका हातांत डबा व दुसऱ्या हातांत मूल अशी माउली आंबेडकर मार्ग ओलांडते, तेव्हां सिग्नलचीं क्षणें तिच्या चालीनें मोजलीं पाहिजेत, मोटारवाल्याच्या घाईनें नव्हे. ज्यांस साधेल त्यांनीं भायखळा स्टेशनावर उतरून पूर्वेच्या बाजूनें पायीं यावें.

आंतील प्रकार निराळा. २०१६ सालीं सेऊलहून पेंग्विन आले; तेव्हांपासून बहुतेक मंडळी दारांतून शिरतांच तिकडे धांव घेतात, आणि एकाच वाटेवर सारा लोंढा जमतो. गर्दी काय करूं शकते हें मध्य मुंबईस शिकविण्याची गरज नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं परळ व एलफिन्स्टन रोड स्टेशनांजवळच्या पुलावर २३ माणसें चेंगरून मेलीं. तेथें आग नव्हती, दरोडा नव्हता. अरुंद जिना होता आणि अवचित आलेला पाऊस होता. म्हणून सुटीच्या दिवशीं जाण्याची वाट एक व परतण्याची दुसरी असा सक्त नियम असावा, वळणावळणावर ठळक मराठी पाट्या असाव्या, आणि हरवलेल्या मुलानें कोठें जावें ती जागा दारांतच मोठ्या अक्षरांनीं लिहिलेली असावी. आम्ही वकिली शिकलेले. जो नियम वाचतां येत नाहीं तो मोडल्याचा दोष लोकांवर ठेवतां येत नाहीं, एवढें आम्ही जाणतों.

लोकांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. कठड्यावर मूल उभें करून फोटो काढणाऱ्या बापास शहाणा कोण म्हणेल? आंत शिरण्यापूर्वीं पाल्याच्या खिशांत घरच्या फोनचा आंकडा लिहून ठेवावा. पावसाळ्यांत वारा सुटला असतां जुन्या झाडाखालीं आसरा घेऊं नये.

मात्र एरव्हीं झाडांखालींच फिरावें! ही मूळची वनस्पतींची बाग. प्राणी मागाहून आले. गोरखचिंचेचें तें हत्तीच्या पायासारखें खोड, कैलासपतीचीं खोडावरच फुललेलीं फुलें आणि ब्रह्मदेशची उर्वशी पाहण्यास कोणी रांग लावीत नाहीं. साध्या वारीं सकाळीं येऊन प्रथम हीं झाडें पाहावीं, पिंजरे मागून. उन्हाचा त्रास नाहीं, धक्काबुक्की नाहीं, म्हाताऱ्या माणसास बाकावर टेकतां येतें. शेजारींच १८७२ सालीं खुलें झालेलें, आज डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचें नांव मिरविणारें संग्रहालय आहे. उन्हें चढल्यावर तेथें शिरावें.

येत्या सुटीपूर्वीं महानगरपालिकेनें निदान पाट्यांचें काम तरी उरकावें. बुधवारीं बाग बंद असते. त्यास तो एक दिवस पुरेसा आहे.