हँडब्रेकची केबल जोडू नका, नवी करून घ्या



जुन्या फोक्सवॅगन बीटलला मागे डिस्क ब्रेक बसवल्यावर हँडब्रेकची लांब पडलेली केबल कापावी आणि दोन टोके यू-क्लॅम्पने आवळावीत, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला धोकादायक आहे. मूळ केबल नव्या कॅलिपरला बसत नाही, हे त्यांचे निरीक्षण मात्र बरोबर आहे.

बीटलमध्ये प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र केबल असते. उतारावर उभ्या गाडीचा भार तिच्यावर तासन्‌तास राहतो. अशा सततच्या ताणाखाली क्लॅम्पमधून तार हळूहळू सरकते. डाग दिलेला सांधाही टिकत नाही, कारण शिसे-कथिलाचे मिश्रण ताणाने सैल होते. शिवाय सांधा मार्गदर्शक नळीत अडकला, तर ब्रेक लागेलच असे नाही आणि सुटेलच असेही नाही.

नुसत्या आतल्या तारेची लांबी मोजून भागत नाही. बाहेरच्या कव्हरपुढे तार किती निघते, ते महत्त्वाचे. तार थोडीच जास्त असेल, तर कव्हरच्या टेकूपाशी पक्की धातूची बुशी घालून ढिलाई काढता येते. फरक मोठा असेल, तर केबल बनवणाऱ्याकडून दाबून बसवलेल्या टोकांची अखंड केबल करून घ्यावी.

अनेक जुन्या बीटलमध्ये ब्रेक ऑइलचे एकच सर्किट आहे. ते फुटले, तर गाडी थांबवायला हँडब्रेकच उरतो. तिथे काटकसर करू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे