पेलेटचा डबा संपवणं म्हणजे सराव नव्हे

मंडळी, रविवारी कुठल्याही एअर पिस्तूल रेंजवर जाऊन बघा. आपलेच आयटीवाले तासाभरात शंभर पेलेट उडवतात, एखादा दहाला लागला की फोटो काढतात आणि 'आज मस्त प्रॅक्टिस झाली' म्हणत मिसळ खायला जातात. कसली डोंबलाची प्रॅक्टिस! कोड न वाचता पंचवीस वेळा रन करून 'आता तरी चालेल' म्हणणारे जे असतात ना, तेच हे.

जरा भूमिती बघू. १० मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं. हात थरथरून अख्खं पिस्तूल ५ मिमी बाजूला सरकलं, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या, तर पेलेटही ५ मिमीच सरकतो. दहाच मिळतात! उलट ट्रिगर खेचताना फ्रंट साइट रिअर साइटच्या मानाने नुसती १ मिमी हलली, तर (दोन्हींत ३५ सेंमी अंतर धरा) पेलेट जवळजवळ २९ मिमी बाहेर. म्हणजे सात. तरी लोक हाताच्या थरथरीलाच शिव्या घालतात.

हा झटका पेलेट भरून नेमतोय तोवर दिसत नाही, कारण नजर टार्गेटकडे पळालेली असते. म्हणून ड्राय फायर. मॅच पिस्तुलात त्याची वेगळी सोयच असते. समोर कोरी पांढरी भिंत, नजर फ्रंट साइटवर, ५०० ग्रॅमचा ट्रिगर सावकाश मागे, आणि सुटल्यावरही दोन-तीन सेकंद हात तसाच. साइट हलली का? एवढंच बघायचं.

'पण स्कोअरशिवाय सुधारणा कळणार कशी?' अहो, सात पडले एवढं स्कोअर सांगेल, का पडले ते नाही.

मोठ्यांचं सोडा, ते स्वतःचे पैसे उडवतात. चीड येते ती पोरांना पहिल्याच महिन्यात स्कोअरला जुंपणाऱ्या क्लासेसची, आणि बाहेर बसून 'आज किती?' विचारणाऱ्या पालकांची. पोरगं मग साइट दहावर आली की घाईघाईने ट्रिगर ओढायला शिकतं. ही सवय सुटता सुटत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात रॅपिडला टार्गेट समोर असतं जेमतेम ३ सेकंद, तेवढ्यात हात खालून वर आणायचा आणि ट्रिगर तरीही झटका न देता दाबायचा. ओढायची सवय लागलेल्या पोराने तिथे काय करावं?

असो. घरी ड्राय फायर करणार असाल तर पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दाराला आतून कडी लावा.