कासव हौदातच राहू द्या

बंगल्यामागे थोडी मोकळी जागा असली, की तिथे छोटा हौद बांधावा, त्यात कमळं लावावीत, मासे आणि एखादं कासव सोडावं, ही हौस आता तालुक्याच्या गावीही दिसते. ‘हौद तयार आहे, कासव कुठलं आणू?’ असं विचारणारी पत्रं या स्तंभाकडे उन्हाळ्याच्या सुटीत हमखास येतात. माझं उत्तर दरवेळी तेच असतं. नवीन कासव आणू नका. आणि घरात आधीच असेल, तर ते तळ्यात किंवा नदीत नेऊन सोडू नका. आपल्याच अंगणात त्याला आयुष्यभर पुरेल असा हौद करून द्या. पहिली गोष्ट लोकांना लवकर पटते. दुसरी पटवायला वेळ लागतो, म्हणून आजचा लेख तिच्यासाठी.

दुकानातल्या काचपेटीत पोहणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवंगार पिल्लू म्हणजे ‘रेड इअर्ड स्लायडर’. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकत घेताना दहा रुपयांच्या नाण्याहून थोडंसंच मोठं असतं. मादी वाढत वाढत जवळजवळ फूटभर होते, आणि नीट सांभाळलं तर हे कासव तीस वर्षंही जगतं. पाचवीतल्या मुलाच्या हट्टापायी घेतलेलं कासव त्या मुलाच्या लग्नातही घरात असणार, हे विकताना कुणी सांगत नाही.

हे कासव जगभर पोहोचलं त्यामागची हकिकत संताप आणणारी आहे. कासवांच्या अंगावर आणि त्यांच्या पाण्यात साल्मोनेला हे जिवाणू असतात. पिल्लं हाताळून, तोंडात घालून अमेरिकेतली लहान मुलं आजारी पडू लागली, तेव्हा तिथल्या सरकारने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यातीला मात्र मोकळीक ठेवली. लुइझियाना राज्यातल्या कासवशेतांमधून लाखो पिल्लं परदेशी जात राहिली. आपल्या मुलांना ज्या धोक्यापासून वाचवलं, तोच धोका दुसऱ्यांच्या मुलांना विकला गेला. युरोपीय संघाने 1997 मध्ये आयात थांबवली. तोवर तिथल्या तळ्यांत ही कासवं स्थिरावली होती. जगातल्या सर्वांत घातक अशा शंभर आक्रमक परकीय जीवांच्या यादीत आज त्यांचं नाव आहे.

तळ्यात ती आपण होऊन जात नाहीत. कासव मोठं होतं, पाणी दोन दिवसांत हिरवं पडून वास मारू लागतं, मासे संपतात, कमळाची कोवळी पानं खाल्ली जातात. मग एका रविवारी सगळं कुटुंब त्याला देवळाच्या तळ्यावर नेतं आणि सोडून येतं. यात दुष्टावा नसतो. एका जिवाला मोकळं केलं, अशी त्यांची खरी भावना असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं ‘टर्टल पाँड’ अशाच सोडून दिलेल्या कासवांनी भरलं आहे. आपल्याकडेही गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळमधल्या कालव्यांत हे कासव सापडलं आहे. उन्हाला बसायच्या मोक्याच्या जागा ते बळकावतं आणि स्थानिक कासवांना मागे ढकलतं, हे फ्रान्समधल्या अभ्यासात दिसून आलं. कासवाच्या दृष्टीने हे नुकसान फार मोठं असतं. त्याचं रक्त बाहेरच्या तापमानाप्रमाणे तापतं आणि थंड होतं. ऊन मिळालं नाही तर खाल्लेलं पचत नाही.

आपल्या तळ्यांत ज्यांची जागा जाईल ती कासवं मुळातच अडचणीत आहेत. गावतळ्यांत आणि भातखाचरांत राहणारं, उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहणारं मऊ पाठीचं कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दख्खनच्या नद्यांतलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर अतिसंकटग्रस्त ठरलं आहे. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासवही 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आलं. यातलं कुठलंही कासव अंगणातल्या हौदात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते विकत घेतलेलं असो, रस्त्यावर सापडलेलं असो की कुणी भेट दिलेलं. शिक्षा किमान तीन वर्षांची, सात वर्षांपर्यंत जाणारी, शिवाय किमान 25 हजारांचा दंड. वास्तूसाठी उत्तरेला जिवंत कासव हवं म्हणणाऱ्यांनी आणि वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पाडणाऱ्या भोंदूंच्या नादी लागणाऱ्यांनी हे नीट वाचावं. असं कासव सापडलं, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

कोकणात पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडण्याची जुनी चाल आहे. तिच्याविषयी मला आदर वाटत नाही. सरळ उभ्या भिंतींच्या, विशेषतः सिमेंटच्या कड्या उतरवलेल्या विहिरीत कासवाला बाहेर येऊन बसायला टप्पा नसतो आणि अंडी घालायला माती नसते. ते वर्षानुवर्षं पोहत राहतं, आणि आपण त्याला सुखी समजतो. हौद बांधतानाही नेमकी हीच चूक होते. चारी बाजूंनी गुळगुळीत टाइल्स, मध्ये कारंजं, आणि कासवाला टेकायला बोटभर जागा नाही.

म्हणून ज्यांच्याकडे स्लायडर आहे त्यांनी हौदाचा विचार कासवाच्या अंगाने करावा. कवचाच्या दर इंचामागे चाळीस लिटर पाणी असा ढोबळ हिशेब आहे. दहा इंची मादीला म्हणजे चारशे लिटर, आणि खोली दोन-अडीच फूट, म्हणजे एप्रिल-मेमध्ये तळाचं पाणी गार राहतं. अर्ध्या हौदावर सावली असावी, अर्ध्यावर थेट ऊन. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण कवच आणि हाडं घट्ट करणारे अतिनील किरण काच अडवते; घरातल्या पेटीत वाढलेल्या कासवांची कवचं मऊ आणि वेडीवाकडी होतात ती बहुतेक याच कारणाने. पाण्यातून वर चढणारा खडबडीत उताराचा दगड किंवा ओंडका हवाच. वाळक्या झिंग्यांवर कासव जगवू नका. मोठं झाल्यावर त्याला मुख्यतः पाला आणि पाणवनस्पती लागतात.

मादी एकटी असली तरी अंडी धरते. मऊ मातीचा किंवा वाळूचा वाफा मिळाला नाही तर ती अंडी पोटात अडकून जिवावर बेततं, म्हणून काठाशी फूटभर खोल वाफा ठेवा. मात्र सोबत नर ठेवू नका. पुढच्या पायांच्या लांब नखांवरून तो ओळखू येतो. तो मादीला सतत छळतो, आणि फळलेल्या अंड्यांतून निघणारी पिल्लं शेवटी नाल्यात पोहोचतात. हौदाभोवती दीड फूट उंचीची गुळगुळीत भिंत असावी, तिचा काठ आतल्या बाजूला वळवलेला आणि पाया जमिनीत उतरवलेला, कारण ही कासवं चढतात आणि उकरतातही. पिल्लू लहान असेल तर वर जाळी टाका. मांजर, मुंगूस, कावळे टपलेले असतात. पाणी हलतं ठेवा, नाहीतर डासांची पैदास होईल. हौदाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत, आणि कासवाचं भांडं स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवू नका.

एवढं करणं जमणार नसेल, तर असा हौद असलेल्या माणसाच्या हवाली कासव करा. तळ्यावर मात्र नेऊ नका.

ज्यांचा हौद तयार आहे त्यांना एक तातडीची सूचना. पहिल्या जोरदार पावसात हौद भरून वाहतो, पाण्याबरोबर कासव कुंपणाच्या पातळीला येतं आणि रात्रीतून गटारात, तिथून नाल्यात, नदीत जातं. सोडून दिलेल्या कासवाइतकंच हे वाहून गेलेलं कासव नदीला महागात पडतं. सांडव्याच्या पाइपाला बारीक जाळी बसवा, पाण्याची पातळी भिंतीच्या काठाखाली किमान फूटभर ठेवा, आणि हे काम याच आठवड्यात उरका. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं.