गादीचा हक्क की खात्यातले तीन हजार?

आरोग्याच्या राजकारणावर लिहावयास बसावे आणि विषय निघावा गादीचा, हे काही वाचकांना क्षुल्लक वाटेल. अर्धांगवायूने किंवा मणक्याच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेला माणूस ज्या घरात आहे, त्या घराला ते क्षुल्लक वाटणार नाही. एकाच अंगावर तासन् तास पडून राहिले की माकडहाड, खुबे, टाचा यांवरील मांसाचा रक्तपुरवठा दाबला जातो. कातडी काळवंडते, फाटते आणि जखम हाडापर्यंत उतरते. यालाच शय्याव्रण म्हणतात. त्यातून जंतू रक्तात शिरले तर माणूस मूळ आजाराने नव्हे, या जखमेने दगावतो. प्रतिबंधाचे मुख्य उपाय मात्र अगदी साधे आहेत. ठरावीक वेळाने कूस बदलावयाची आणि अंगाचा भार वाटून घेणारी हवेची किंवा पाण्याची गादी द्यावयाची. साधारण दोन ते पाच हजार रुपयांची ही वस्तू. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ती नगण्य आहे. शेतमजुराच्या घरी तिच्यासाठी महिन्याचा किराणा थांबवावा लागतो.

ही गादी कोणी द्यावी? अमेरिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर आधी पाहू, कारण तिकडची उत्तरे इकडे यावयास फार वेळ लागत नाही. 2003 च्या डिसेंबरमध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने तेथे आरोग्य बचत खाती निर्माण झाली. ज्याच्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च रुग्णानेच सोसावयाचा असतो, त्याने आपल्या मिळकतीतून या खात्यात पैसे टाकावेत. टाकताना कर नाही, वाढताना नाही, औषधोपचारासाठी काढतानाही नाही. 2026 सालासाठी ही मर्यादा एका व्यक्तीस 4,400 डॉलर व कुटुंबास 8,750 डॉलर आहे. त्यातून गादी घ्यावयाची तर ती सुखनिद्रेसाठी नसून व्याधीसाठी आहे, असे डॉक्टरांचे पत्र लागते. आता या व्यवस्थेची फळे पाहा. गादीविक्रेतेच करसवलतीची जाहिरात करू लागले आणि प्रश्नावली भरताच वैद्यकीय पत्र मिळवून देणारे मध्यस्थ उभे राहिले. अखेर 2024 च्या मार्चमध्ये तेथील करखात्याला, नेहमीच्या खर्चाला औषधाचा मुलामा देणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असा जाहीर इशारा द्यावा लागला. ज्याचा प्राप्तिकराचा दर मोठा, त्याला गादी तितकी स्वस्त पडते. ज्याला प्राप्तिकर भरण्याइतकी मिळकतच नाही, त्याला एका सेंटचीही सूट नाही. गरज ज्याची अधिक त्याला मदत कमी, असा हा उलटा न्याय आहे.

आपल्याकडे असे खाते नाही, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. खाते नसले तरी खात्याची वृत्ती आली आहे. ('आभा' या नावाने आपणा सर्वांना जे आरोग्य खाते दिले गेले, त्यात चौदा आकड्यांचा क्रमांक असतो, रुपया नसतो.) आरोग्यविम्याच्या पॉलिसीमागे, कंपनी ज्यांचे पैसे देणार नाही अशा वस्तूंची नियामकाने ठरविलेली यादी जोडलेली असते. सौंदर्यसेवा व दूरदर्शनचा आकार यांच्याच पंगतीला त्या यादीत हवेची व पाण्याची गादी बसविली आहे! जादा हप्ता भरा म्हणजे यांतील काही वस्तू देऊ, असेही काही कंपन्या सांगतात. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा वस्तू व सेवा कर रद्द झाला, त्याचे ढोल वाजले. या यादीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले, हे स्वागतार्हच आहे. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांची. रुग्ण घरी येऊन खाटेवर पडला की पुढची वर्षे त्याची आणि त्याच्या घरच्या बाईची.

उरली राज्याची 2024 ची मुख्यमंत्री वयोश्री योजना. 65 वर्षे पूर्ण झालेल्या व दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या वृद्धाच्या बँक खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा करावयाचे आणि त्यातून त्याने चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा अशी साधने घ्यावयाची. ज्यांना ते पैसे मिळाले त्यांना ते हवेच होते. त्यांची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आक्षेप योजनेमागील विचाराला आहे. पाटससारख्या पुणे-सोलापूर महामार्गावरच्या गावी अपघातात मणका मोडलेला चाळिशीतला चालक या योजनेत बसत नाही. बसणाऱ्याच्या हाती तीन हजार ठेवले की शासन मोकळे. साधन योग्य आहे का, ते वापरावे कसे, बिघडले तर काय, हे विचारावयास कोणी घरी येत नाही.

खात्याचे समर्थक म्हणतात, माणूस स्वतःचा पैसा जपून खर्च करतो. खरे आहे. पण अमेरिकेतच 1970 च्या दशकात सुरू झालेल्या रँड संस्थेच्या प्रयोगात दिसले ते असे की, पदरचे मोजावे लागले म्हणजे लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळतात. शिवाय हौस म्हणून एअर बेडवर कोण पडून राहील? आजार कोणावर, केव्हा आणि किती काळ येईल हे सांगता येत नाही, म्हणूनच त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावयाचा असतो. केनेथ अॅरो यांच्या 1963 च्या प्रसिद्ध निबंधापासून हे अर्थशास्त्राला ठाऊक आहे. बचत खाते नेमके उलट करते. ते भार पुन्हा एकेकाच्या डोक्यावर ठेवते.

महाराष्ट्राला सामुदायिक निधीची कल्पना परकी नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने मालकांकडून लेव्ही घेऊन मंडळांमार्फत हमालांच्या सोयी उभ्या केल्या. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावेत व तितकेच शासनाने घालावेत, असे ठरले. भीमा साखर कारखान्याच्या परिसरात हे समजावून सांगावे लागू नये. केरळने तर प्रत्यक्ष करून दाखविले आहे. कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून 2008 चे राज्यधोरण आले. ग्रामपंचायतींच्या आधाराने परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. तेथे एअर बेड, वॉटर बेड, चाकाची खुर्ची रुग्णाला वापरावयास मिळते व गरज संपली की पुढच्या घरी जाते. एक गादी अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडते. खात्यातून घेतलेली गादी रुग्ण गेल्यावर माळ्यावर धूळ खाते.

सरकारी खरेदी म्हणजे दलाली आणि गोदामात कुजणारा माल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. रोख रकमेच्या बाजूचा तोच खरा युक्तिवाद आहे. म्हणूनच भांडार गावाच्या डोळ्यांसमोर हवे आणि त्याची नोंदवही ग्रामसभेपुढे वाचली गेली पाहिजे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा शासनाचा आदेश आहेच. पुष्कळ गावी ती रक्कम थोडी थोडी रोख वाटली जाते. पाटसमध्ये कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत या निधीचा हिशेब मागावा व त्यातून पहिल्या दहा गाद्या घेण्याचा ठराव मांडावा. सगळ्या हवेच्या घेऊ नयेत. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो आणि वीज गेली की तो थांबतो. निम्म्या पाण्याच्या असाव्यात. कूस कशी बदलावी, पाठ कशी तपासावी, याचे शिक्षण आशा सेविकांना मिळावे आणि त्या कामाचा वेगळा मोबदलाही ठरावात लिहावा.