विमानाचा सोळावा हिस्सा

भाचा पायलट असला की मामाला विमानातले कळू लागते, असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. तो मीच पसरवलेला असल्यामुळे, "मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून खासगी जेटवर जाऊ का?" असा प्रश्न भाच्याने काढला तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. प्रश्न निघाला दौलताबादच्या किल्ल्यात, चांदमिनारच्या सावलीत. पाहुण्याला आधी किल्ला चढायला लावायचा आणि मग जेवू घालायचे, ही आमच्याकडची रीत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तरी ती बदललेली नाही.

मी तोंड उघडण्यापूर्वीच दाजींनी विचारले, "किती शिटांचं विमान?"

"आठ."

"आठ!" दाजींचा चेहरा असा झाला, की जणू पोरगा एस.टी. सोडून काळीपिवळी चालवायला निघाला आहे. ताईचा प्रश्न त्याहून सरळ होता. "म्हणजे बढती म्हणायची की खाली उतरवलं म्हणायचं? लोकांना काय सांगू?"

लोकांना काय सांगायचे, या एका प्रश्नावर आपल्या समाजातल्या निम्म्या नोकऱ्या ठरतात.

भाच्याने मग सगळे समजावून सांगितले. अख्खे विमान परवडत नसेल तर त्याचा हिस्सा विकत घ्या, ही युक्ती अमेरिकेत नेटजेट्स या कंपनीने १९८६ साली काढली. सोळावा हिस्सा घेतला की वर्षाला ५० तास उडायला मिळते. वॉरन बफे आधी तिथले गिऱ्हाईक होते, १९९८ साली त्यांनी दुकानच विकत घेतले. मला यात नवल वाटले नाही. आमच्या गावी चार भावांच्या सामाईक विहिरीवर पाळीपाणी चालतेच. फरक एवढाच, की इथे पाळी तुमची आणि पाणी कुठल्याही विहिरीचे. कारण दाराशी येणारे विमान तुमच्या हिश्श्याचेच असेल असे नाही, फक्त त्याच जातीचे असते. तिकडे पायलटला सात दिवस काम आणि सात दिवस घर अशीही सोय असते. हे ऐकताच इतका वेळ गप्प असलेल्या सूनबाईंनी मान वर केली. आपल्याकडे हिस्सेदार कमी आणि भाडेकरू जास्त. अशा विमानांच्या परवान्याचे नावच मुळी 'नॉन-शेड्यूल्ड', म्हणजे बिनवेळापत्रकी. कोणत्या शहाण्या बाईने जावई म्हणून बिनवेळापत्रकी माणूस पसंत केला आहे?

"त्यापेक्षा मोठी कंपनी बरी, पर्मनंट तरी आहे," ताई म्हणाली.

इथे मात्र मला राहवेना. पर्मनंट! किंगफिशर २०१२ साली बसली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. या कंपन्यांतले कॅप्टनही आपापल्या आयांच्या हिशेबी पर्मनंटच होते. जेटमधल्या अमोल यादव या मराठी कॅप्टनने तर चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःच सहा आसनी विमान बांधायला घेतले आणि २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले. शेजाऱ्यांनी तेव्हा नावे ठेवली असतील तर त्यांनी आता हिशेब करावा. कंपनीची विमाने जमिनीवर आली, गच्चीवरचे मात्र राहिले. बरे, नोकरी सोडायची म्हटली तरी सुटका कुठे? २०१७ साली सरकारने नियम केला, की कॅप्टनने बारा महिने आणि को-पायलटने सहा महिने आधी सांगायचे. एवढ्या अवधीत आपल्याकडे लग्न ठरून, होऊन बारशाची तयारी चालू होते.

तेव्हा माझे म्हणणे असे, की शिटा किती, पर्मनंट आहे का, पगार किती, हे सगळे प्रश्न चुकीचे आहेत. विचारायचा प्रश्न एकच आहे, आणि तो मला अंधारीत शिरल्यावर कळला.

अंधारी म्हणजे किल्ल्यातला तो वळणावळणाचा काळाकुट्ट भुयारी रस्ता. वटवाघळांच्या वासामुळे सगळे गप्प होतात. तिथे भाच्याने एका मित्राची गोष्ट सांगितली. मित्र खासगी जेटवर होता. एक पुढारी घेऊन छोट्या धावपट्टीवर उतरला होता. धावपट्टीला दिवे नाहीत, म्हणजे सूर्य बुडायच्या आत उडायलाच हवे. सभा लांबली. साहेब आले तेव्हा सूर्य गेलेला. "चला," साहेब म्हणाले. मित्र म्हणाला, "आज नाही, सर." साहेब मोटारीने गेले. पुढच्या महिन्यापासून मित्राला उड्डाणेच मिळेनात. कोणी रागावले नाही, कोणी काढले नाही. फक्त फोन येईना.

मोठ्या विमानात तुम्ही-आम्ही दीडशे-पावणेदोनशे जण मागे बसलेले असतो, आणि कॅप्टनचे नाव आपण घोषणेतही नीट ऐकत नाही. हीच त्याची ढाल आहे. खासगी जेटमध्ये मालक, त्याचे आडनाव आणि त्याची घाई ही तिन्ही सहा फुटांवर बसलेली असतात.

आम्ही ज्या दगडावर हे बोलत होतो तो अशाच एका घाईचा साक्षीदार. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली. दरबारात शहाणी माणसे काही कमी नव्हती. 'आज नाही, हुजूर' म्हणणारे कोणी नव्हते, किंवा एकदाच म्हणून संपले होते. इब्न बतूता लिहितो, की एका आंधळ्याला दिल्लीहून चाळीस दिवसांच्या वाटेने फरफटत आणले आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला. इतिहासकार यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. खरे असेल तर प्रवासी हिश्श्याने पोचल्याची ही जुनी नोंद म्हणावी लागेल. पुढे सुलतानाने सगळ्यांना परतही पाठवले. तेव्हाही कोणी काही बोलले नाही.

"म्हणजे एअरलाइनच बरी," दाजी विजयी मुद्रेने म्हणाले.

थांबा, दाजी. तिथे ढाल आहे, पण तिच्यावर दगड कोण मारतो? पायलटांना झोप मिळावी म्हणून नवे नियम आले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोनच ठरली. कंपन्यांना याची आधीपासून कल्पना होती. तरी डिसेंबरात हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि मग तात्पुरती सूट मिळाली ती नियमातून. आपण विमानतळावर काय केले? मी स्वतः काय केले ते सांगतो. काउंटरवरच्या पंचविशीतल्या मुलीवर ओरडलो, "पायलट झोपलेत काय?" तिने हो म्हणायला हवे होते. त्यासाठीच तर नियम होता! माझा भाचा पायलट, आणि दुसऱ्याच्या भाच्याने न झोपता मला पुण्याच्या मुंजीला वेळेवर पोचवावे अशी माझी इच्छा. तुघलकाला निदान साम्राज्य तरी होते. मुंजीत तर मी नुसता अक्षता टाकणाऱ्यांपैकी!

तेव्हा, मध्यमवर्गीय बंधूंनो, खासगी जेटमधल्या साहेबाला नावे ठेवण्याआधी आपल्या तिकिटाकडे पाहा. साहेबाचा सोळावा हिस्सा असतो. आपला पावणेदोनशेवा असतो, आणि आवाज मात्र अख्ख्या विमानाचा.

बारादरीपर्यंत पोचेपर्यंत माझे गुडघे 'आज नाही' म्हणू लागले होते. दाजींना मात्र वरची तोफ बघायचीच होती. तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी मारली, वेळ संपली. दाजींनी आपण कोणत्या खात्यातून निवृत्त झालो ते त्याला सांगितले. "असू द्या साहेब, उद्या या," तो म्हणाला आणि पुन्हा शिट्टी मारली. भाचा त्याच्याकडे बराच वेळ बघत होता.

खाली आल्यावर पेरू घेतले. भाच्याने त्या जेटवाल्या कंपनीला लिहिले आहे, की पगार ठीक आहे, पण मी उड्डाणाला नकार दिला तर शेवटचा शब्द कोणाचा, ते करारात लिहून द्या. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान दाजींचा फोन येऊन गेला. त्या विमानात संडास आहे का, एवढे विचारून ठेव म्हणाले.